सिक्स्थ फॉर्ममध्ये कोणाकडे कशासाठी जायचं?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही चार वर्षांपूर्वी पुण्याहून इंग्लंडमधल्या रेडिंगला आलो. मुलीचा जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीचा, निकाल चांगला लागला, सप्टेंबरपासून ती सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, जाईल. केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि मॅथ्स घेतलंय, डॉक्टर व्हायचं म्हणते. शाळेकडून आलेल्या माहितीपत्रात डझनभर माणसांची नावं आणि पदं आहेत. यांतलं नेमकं कोण काय करतं? शिकवणारे तीन शिक्षक सोडले तर बाकीच्यांशी आमचा संबंध काय? वेळापत्रकात इतके तास मोकळे आहेत, मग शाळा शिकवते तरी किती? क्लास लावावा का? शिवाय पुढच्या दोन्ही उन्हाळ्यांत भारतात जायचंय, तिकिटं कधीची काढावीत?"

यातलं ‘बाकीच्यांशी आमचा संबंध काय’ हे मी आधी घेते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. मी इंग्लंडमध्ये १९ वर्षं ए लेव्हलची, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची, केमिस्ट्री शिकवतेय. गेली ८ वर्षं सिक्स्थ फॉर्मच्या मुलांची वर्गाबाहेरची देखभाल, म्हणजे इथे ज्याला पास्टोरल म्हणतात ते कामही माझ्याकडे आहे. आपल्या घरांतली जी मुलं इथे अडखळताना पाहिली, त्यांतली फार थोडी शिकवणं कमी पडलं म्हणून अडखळली. बाकीच्यांची अडचण ऑक्टोबरमध्ये कोणाच्या तरी कानावर जायला हवी होती, ती गेली मार्चमध्ये. आणि ती ज्याच्या कानावर जायला हवी होती, तो माणूस बहुतेक वेळा विषयशिक्षक नव्हताच. तुम्ही ज्यांना ‘बाकीचे’ म्हणताय, त्यांच्यातलाच कोणीतरी होता.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे. तिथे गणपतीला गेलं की प्रसाद हातात असतानाच कोणी ना कोणी आई हाच प्रश्न विचारते. दिवसही शाळा सुरू होण्याचेच असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. सिक्स्थ फॉर्म म्हणजे सहावी नव्हे. इथल्या माध्यमिक शाळेत पूर्वी अकराव्या वर्षी मूल ‘फर्स्ट फॉर्म’ला जायचं, त्या मोजणीतला शेवटचा टप्पा म्हणजे सिक्स्थ फॉर्म. आता मोजणी बदलली, वर्ग इयर १२ आणि इयर १३ झाले, जुनं नाव मात्र तसंच राहिलं. काही सिक्स्थ फॉर्म शाळेलाच जोडलेले असतात, काही स्वतंत्र कॉलेजं असतात. असं पहिलं कॉलेज १९६६ मध्ये ल्यूटनला निघालं. शाळेत शिक्षकांना ‘सर’ आणि ‘मिस’ म्हणतात, कॉलेजात बऱ्याच ठिकाणी सरळ नावाने हाक मारतात. मुलगी घरी येऊन "आज मार्कने इंटिग्रेशन शिकवलं" म्हणाली तर दचकू नका, त्यात उद्धटपणा नसतो. इंग्लंडमध्ये २०१५ पासून १८ वर्षांपर्यंत शिक्षणात किंवा कामाच्या प्रशिक्षणात राहणं कायद्याने आवश्यक आहे. त्यामुळे तिच्या आजूबाजूला मेडिकलला जाणारी मुलं असतील, तशी बीटेक (BTEC, हा इथला व्यावसायिक अभ्यासक्रम, आपलं इंजिनिअरिंगचं बी. टेक. नव्हे) करणारी असतील आणि सोळाव्या वर्षी शिक्षण सोडायचं ठरवून मग शाळेतच राहिलेलीही असतील. एवढ्या तऱ्हेच्या मुलांना नुसते शिकवणारे पुरत नाहीत. तुमच्या माहितीपत्रातली यादी लांब आहे ती म्हणून.

आता शिक्षकांकडे येऊ. तुम्ही तीन म्हणता, पण बऱ्याच शाळांत एक विषय दोघं वाटून घेतात, त्यामुळे तिला पाच-सहा शिक्षक असू शकतात. केमिस्ट्रीत एकाकडे ऑरगॅनिक आणि दुसऱ्याकडे फिजिकल, हे अगदी नेहमीचं आहे. एका विषयाला आठवड्याला साधारण चार ते पाच तास मिळतात. तीन विषयांचे मिळून फार तर पंधरा तास भरतात, म्हणून वेळापत्रक रिकामं दिसतं. मोकळे तास सुट्टीचे नसतात. जितके तास शिकवलं जातं तितकेच तास मुलाने स्वतः करायचं, हे त्यात गृहीत असतं. हे शाळा पहिल्या दिवशी सांगते आणि मुलं पहिल्या आठवड्यात विसरतात.

ऑक्टोबरच्या सुमारास पहिली मोठी चाचणी होते. जीसीएसईला ८ आणि ९ हे सगळ्यांत वरचे ग्रेड मिळवलेली मुलं तीत ‘डी’ आणतात. घरात रडारड होते, फोन येतात. कृपा करून घाबरू नका. जीसीएसईत लक्षात ठेवलेलं उतरवून बरंच पुढे जाता येतं. ए लेव्हलला तीच गोष्ट अनोळखी प्रश्नात ओळखावी लागते आणि ती सवय लागायला दिवाळी उलटून जाते. या काळात शिक्षकांना "ती कशी आहे?" असं विचारू नका, उत्तर "छान आहे, मेहनती आहे" एवढंच मिळेल. तिलाच विचारायला लावा, तेही पेपर हातात घेऊन: माझे गुण कुठल्या तऱ्हेच्या प्रश्नांत जातात? मोलच्या हिशेबात, कारण लिहिण्यात, की प्रश्न नीट न वाचण्यात? असा प्रश्न आला की शिक्षकाला धरायला काहीतरी मिळतं. जवळजवळ प्रत्येक विभागात जेवणाच्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर मदतीचा एक तास असतो. आमच्याकडे तो बुधवारी असतो. वर्गातली तीस टक्के मुलं नियमित येतात असं म्हणायला मला आवडलं असतं, पण येतात चार-पाचच, आणि बहुधा ज्यांना गरज सगळ्यांत कमी असते तीच.

सायन्स घेतलेल्या मुलांच्या पालकांना मी एका माणसाबद्दल आवर्जून सांगते, ते म्हणजे लॅब टेक्निशियन. प्रत्येक सायन्स विषयात दोन वर्षांत किमान १२ ठरलेले प्रयोग करावे लागतात आणि त्यांची नोंद ठेवावी लागते. त्याचा निकाल ग्रेडपासून वेगळा, फक्त उत्तीर्ण किंवा नाही एवढाच लागतो, आणि काही विद्यापीठं तो पाहतात. हे प्रयोग उभे राहतात ते सकाळी साडेसातला येऊन द्रावणं करून ठेवणाऱ्या या माणसांमुळे. आमच्या टेक्निशियनबाई ट्रॉली घेऊन वर्गात येतात, ब्युरेट (द्रव मोजायची रेघारेघांची काचनळी) लावून देतात आणि मागे उभ्या राहतात. एका वर्षी टायट्रेशनच्या तासाला त्यांच्या लक्षात आलं की एक मुलगा स्वतः कधी आकडा वाचतच नाही. तो नळ चालवतो, फ्लास्क फिरवतो, आणि वाचायची वेळ आली की जोडीदाराला म्हणतो, "तू बघ." तीन आठवडे त्यांनी हे पाहिलं आणि मग मला बाजूला घेऊन सांगितलं. त्या मुलाला ब्युरेटवरच्या बारीक रेघा दिसतच नव्हत्या. फळ्यावरचंही धूसर दिसत होतं, पण चष्म्याचा खर्च घरी कसा सांगायचा म्हणून गप्प बसला होता. पूर्णवेळ शिकणाऱ्या १६ ते १८ वयाच्या मुलांची डोळ्यांची तपासणी एनएचएसवर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, फुकट होते, हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याच्यासमोर दोन महिने उभी राहून शिकवत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

आता ट्युटर. माहितीपत्रातलं एकच नाव पाठ करायचं असेल तर हे करा. ट्युटर रोज सकाळी वीसेक मिनिटं किंवा आठवड्यातून एक-दोनदा आपल्या गटातल्या मुलांना भेटतो. हजेरी, एकेकाशी बोलणं, सगळ्या विषयांचे गुण एकत्र पाहणं ही त्याची कामं. केमिस्ट्रीच्या शिक्षकाला फक्त केमिस्ट्री घसरलेली दिसते. तिन्ही विषय एकाच महिन्यात घसरले, हे दिसतं फक्त ट्युटरला. विद्यापीठासाठी शाळा जे शिफारसपत्र पाठवते, त्याचा पहिला मसुदा बहुतेक ठिकाणी ट्युटरच लिहितो आणि विषयशिक्षकांनी पाठवलेल्या ओळी त्यात घालतो. विद्यापीठांचे अर्ज यूकॅस या संस्थेमार्फत जातात, आणि २०२४ च्या प्रवेशापासून तिच्या या पत्राचे तीन भाग झाले: पहिल्यात शाळेची माहिती, दुसऱ्यात मुलाच्या अभ्यासावर परिणाम करणारी काही परिस्थिती असेल तर ती, आणि तिसऱ्यात विद्यापीठाला उपयोगी पडेल असं त्या मुलाबद्दल आणखी काही.

त्या दुसऱ्या भागाबद्दल मला आपल्या लोकांशी कळकळीने बोलायचंय. आपण घरातलं बाहेर सांगत नाही. आजी गेली, बाबा दोन महिने सांगलीला राहिले, आईची नोकरी गेली, घरात आजारपण आहे, यातलं काहीही शाळेला कळत नाही. शाळेच्या दप्तरी एवढंच राहतं की या मुलीचे गुण जानेवारीत पडले. तुम्ही सांगितलं नाहीत तर ती जागा कोरी जाते आणि विद्यापीठ फक्त पडलेले गुण पाहतं. सगळी कहाणी सांगायची गरज नाही. ट्युटरला दोन ओळींची ईमेल पुरे: घरात अमुक झालंय, तिच्यावर परिणाम होतोय, लक्ष असू द्या. शाळेत अशी ईमेल कोणी हसण्यावारी नेत नाही.

हेड ऑफ सिक्स्थ फॉर्मकडे आपले लोक थेट जातात. मोठा साहेब म्हणजे लवकर काम होईल, असा हिशेब असतो. पण दोन-तीनशे मुलांचा प्रमुख तुमची ईमेल वाचतो आणि ट्युटरकडे पाठवतो. विषय बदलणं, एखादा विषय सोडणं, शिस्तीची गंभीर बाब किंवा ट्युटरकडून दोन आठवडे उत्तर न येणं, एवढ्यासाठी त्यांच्याकडे जावं. विषय बदलायचा असेल तर पहिल्या तीन-चार आठवड्यांतच. त्यानंतर मागचं भरून काढणं फार जड जातं.

शिकवत नाहीत अशी दोन माणसं यादीत असतील. एक पास्टोरल मॅनेजर किंवा स्टुडंट सपोर्टची बाई, आणि दुसरी अभ्यासिकेवर लक्ष ठेवणारी व्यक्ती. पहिल्या व्यक्तीला तास नसतात, म्हणून तिचं दार दिवसभर उघडं असतं. माझा तास चालू असताना कोणी रडत आलं तर मी तीस मुलांना सोडून बाहेर जाऊ शकत नाही, ती जाऊ शकते. झोप लागत नाही, मैत्रिणींशी बिनसलंय, घरी जायची भीती वाटते, असलं सगळं आधी तिच्याकडे येतं. समुपदेशकाकडे जायचं झालं तरी वाट बहुधा तिच्यामार्फतच निघते.

तिच्या पलीकडे सेफगार्डिंगचा नेमलेला प्रमुख असतो. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल सरकारची एक वैधानिक मार्गदर्शिका आहे आणि मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला तिचा पहिला भाग वाचावाच लागतो. मुलाला धोका आहे असं वाटलं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन आम्हांला देता येत नाही. पण मुलाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट घरी कळवतो, असंही नाही. पालकांना याचा राग येतो, तो मी समजू शकते. "आमचीच मुलगी आणि आम्हांलाच सांगत नाहीत." पण सोळा-सतरा वर्षांची मुलगी जे बोलते ते संध्याकाळी घरी पोचणार असेल, तर ती पुन्हा बोलायला येणारच नाही. इयर १३ मध्ये मुलं १८ पूर्ण करतात, मग तर शाळा बऱ्याच बाबतींत आधी त्यांनाच विचारते. म्हणून म्हणते, मुलीला या माणसांपर्यंत स्वतः जायची सवय पहिल्या सहा आठवड्यांत लागू द्या. तुम्ही मध्ये उभे राहिलात तर ती सवय लागणारच नाही.

अभ्यासिकेबद्दल लिहिताना तुमच्या क्लासच्या प्रश्नाचंही उत्तर देते. माझी अकरावी-बारावी सांगलीत झाली. कॉलेजात प्रॅक्टिकल आणि हजेरीपुरतं जायचं, खरं शिकायचं क्लासमध्ये, अशीच तेव्हा रीत होती, आणि आता तर कागदावर कॉलेज आणि दिवसभर क्लास अशी व्यवस्थाच झाली आहे. आपण इथे येतो ते हाच हिशेब डोक्यात घेऊन. काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासिकेवरच्या बाई माझ्याकडे वही घेऊन आल्या. त्यांनी पंधरा दिवसांच्या नोंदी ठेवल्या होत्या: एक मुलगी रोज पहिल्या मोकळ्या तासाला कोपऱ्यातल्या टेबलावर डोकं ठेवून झोपते, कोट अंगावरच असतो, डबा उघडत नाही. मी तिला बोलावलं. आठवड्यातल्या पाच संध्याकाळी तिचे क्लास होते, दोन ऑनलाइन आणि तीन प्रत्यक्ष. ते रात्री दहाला संपायचे, मग शाळेचा गृहपाठ, मग क्लासचा. शाळेत जागं राहायची तिच्यात ताकदच उरत नव्हती. म्हणजे जे शिक्षक तिचा पेपर तपासणार, तिचा अंदाजित ग्रेड (शेवटच्या परीक्षेत काय मिळेल याचा शिक्षकांचा अंदाज, जो विद्यापीठाला कळवतात) ठरवणार, तिच्याबद्दल लिहिणार, त्यांच्या तासाला ती अर्धी झोपेत असायची, आणि जो क्लास तिच्याबद्दल एक ओळही लिहिणार नव्हता, तिथे जागी. आईवडिलांना बोलावून सांगितलं, त्यांनी चार क्लास बंद केले. पुढच्या सहामाहीत तिचे गुण वर आले.

तेव्हा सप्टेंबरमध्ये क्लास लावू नका. नाताळपर्यंत थांबा. तोवर मदतीच्या तासाला जाऊनही एखादा विषय बसत नसेल तर त्या एका विषयाला, आठवड्यातून एकदाच, आणि त्याच परीक्षा मंडळाचा अभ्यासक्रम माहीत असलेला शिक्षक पाहा. एक्यूए, ओसीआर आणि एडेक्सेल यांचे पेपर सारखे नसतात.

आता ज्याकडे तुमचे डोळे लागले आहेत, त्या मेडिकलकडे. यूकॅसच्या अर्जात पाच पर्याय देता येतात, त्यांतले मेडिकलचे जास्तीत जास्त चार. मेडिकल, डेंटल, व्हेटरिनरी आणि ऑक्सफर्ड-केंब्रिज यांची अंतिम तारीख १५ ऑक्टोबर. म्हणजे इयर १३ सुरू होऊन दीड महिना होतो न होतो तोच, आणि शाळेची आतली तारीख त्याच्याही आधी असते. यूकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा त्याआधीच्या उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत द्यायची असते. स्वतःबद्दलचं निवेदन २०२६ च्या प्रवेशापासून सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांच्या उत्तरांत लिहायचं असतं, सगळं मिळून ४,००० अक्षरांत. या सगळ्यासाठी करिअर सल्लागार आणि यूकॅस पाहणारी व्यक्ती शाळेत असते. तिला इयर १२ च्या ऑक्टोबरमध्येच भेटायला सांगा. सल्लागार विचारील, "कुठे काम पाहिलंस?" वृद्धाश्रमात आठवड्याला दोन तास जाऊन तिथल्या आजीबाईंना चहा देणं, त्यांचं ऐकणं याला मुलाखतीत फार किंमत असते. ओळखीच्या डॉक्टरांच्या मागे आठवडाभर फिरण्याहूनही जास्त. ते काम एकदम उन्हाळ्यात उरकता येत नाही, वर्षभर करावं लागतं.

अंदाजित ग्रेडबद्दल माझी एक चूक सांगते, कारण ती अजून मला टोचते. एका मुलीला मी ‘बी’ दिला होता. तिच्या तिन्ही चाचण्या तेच सांगत होत्या. आईवडील आले, हात जोडले, म्हणाले, "मॅडम, तुम्ही आपल्या आहात, एवढं करा." मी ‘ए’ केला. त्या आधारावर तिने पाचही पर्याय वरचे भरले, दोन ठिकाणं मिळालीही, पण अट होती तीन ‘ए’ची. ऑगस्टमध्ये केमिस्ट्रीत ‘बी’ आला. पहिला पर्याय गेला, राखीव ठेवलेलाही तितकाच वरचा होता, तोही गेला. सकाळी सव्वाआठला शाळेच्या हॉलमध्ये ती तो कागद हातात धरून माझ्यासमोर उभी होती आणि मला तिच्याकडे पाहवेना. तेव्हा खरा ‘बी’ लिहिला असता तर तिने एक तरी पर्याय हाती लागेल असा ठेवला असता. त्या दिवसापासून मी पालकांच्या विनंतीवरून ग्रेड बदलत नाही, आणि तुम्हीही मागू नका. मुलीला मात्र एक विचारता येतं: हा ग्रेड वाढवायला पुढच्या चाचणीत मी काय दाखवायला हवं, आणि ती चाचणी कधी आहे?

मेडिकलच्या आधी आणखी एक गोष्ट पाहायला हवी आणि ती शाळेतलं कोणी ठरवत नाही. विद्यापीठात तिला ‘होम’ फी लागेल की परदेशी विद्यार्थ्यांची, हे. ‘होम’ फीची कमाल मर्यादा २०२५-२६ साठी वर्षाला ९,५३५ पाउंड होती आणि मेडिकलची परदेशी फी त्याच्या कितीतरी पट असते. साधारण नियम असा की अभ्यासक्रम सुरू होताना कायमच्या वास्तव्याची परवानगी (आयएलआर) हवी आणि आधीची तीन वर्षं इथे राहिलेलं हवं. तुम्ही चार वर्षांपूर्वी आलात, तेव्हा दोन वर्षांनी तुमचं आयएलआर झालेलं असेल का, याचा हिशेब आजच मांडा. निर्णय प्रत्येक विद्यापीठ स्वतः घेतं, त्यामुळे पर्याय भरण्याआधी त्यांनाच लिहून विचारा. शाळेतली माणसं इमिग्रेशनचा सल्ला देऊ शकत नाहीत, तो नोंदणीकृत सल्लागारानेच द्यायचा असतो.

यादीत सेनको असं एक पद दिसेल. ज्या मुलांना वाचायला, लिहायला किंवा लक्ष लावायला अडचण येते त्यांची व्यवस्था ही व्यक्ती पाहते. आपल्याकडे डिस्लेक्सियाचं नाव काढलं तरी "शिक्का बसेल" म्हणून पालक दुखणं अंगावर काढतात. २५ टक्के जादा वेळ मिळू शकतो आणि तो घेतल्याचा उल्लेख प्रमाणपत्रावर नसतो. पण बाहेरून पैसे भरून आणलेला अहवाल एकटा चालत नाही. मुलाला वर्गात आणि चाचण्यांत ती गरज खरोखर पडते याचा पुरावा शाळेला दाखवावा लागतो आणि तो गोळा व्हायला महिने लागतात. तुमच्या मुलीला याची गरज नसेलही. पण ती पेपर नेहमी अर्धवट सोडून येत असेल आणि घरी तेच प्रश्न नीट सोडवत असेल, तर शंका बोलून दाखवा.

परीक्षा अधिकारी म्हणजे एक्झॅम्स ऑफिसर हा माणूस पालकांना दोन वर्षांत एकदाही दिसत नाही. पण आपल्या नावांची अडचण त्याच्याच टेबलावर येते. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, असं तिहेरी नाव पासपोर्टवर कधी पूर्ण असतं, कधी वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात जोडलेलं असतं, आणि शाळेच्या यादीत तिसरंच असतं. माझ्या एका विद्यार्थ्याच्या जीसीएसईच्या प्रमाणपत्रावर एक नाव होतं आणि ए लेव्हलच्या नोंदणीत दुसरं. मार्चमध्ये मुलं नोंदणीचा कागद सही करून परत देतात, न वाचता. तुमची मुलगी तो घरी आणील तेव्हा पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून पाहा. यूकॅसवरही तेच नाव हवं.

पैशांची ओढाताण असेल अशांसाठी १६ ते १९ वयाचा बर्सरी फंड असतो. प्रवास, पुस्तकं, विद्यापीठाच्या भेटीचं भाडं त्यातून मिळू शकतं, अटी शाळेगणिक वेगळ्या असतात. स्टुडंट सपोर्टच्या बाईंना विचारलं की अर्ज मिळतो. मागण्यात कमीपणा मानू नका.

आता तिकिटं. इयर १२ च्या उन्हाळ्यात जूनपासून शाळा सुटेपर्यंतचे आठवडे सोडू नका. वर्षअखेरच्या परीक्षा, ज्यांवरून अंदाजित ग्रेड ठरतो, त्या तेव्हाच असतात आणि यूकॅसचं कामही तेव्हाच सुरू होतं. जुलैच्या शेवटी निघा, यूकॅटची तारीख पाहून परतीचं काढा. इयर १३ ला लेखी परीक्षा मे-जूनमध्ये होतात. शेवटचा पेपर झाला की लगेच उडायचं असं ठरवू नका. परीक्षा मंडळं जूनच्या शेवटच्या पंधरवड्यात एक राखीव दिवस ठेवतात, काही अडचण आली तर पेपर त्या दिवशी होतो, आणि तोवर मुलांनी इथे असणं अपेक्षित असतं. तारीख शाळेच्या परीक्षा वेळापत्रकातच छापलेली असते. त्या दिवसानंतर खुशाल जा, पण ऑगस्टच्या मध्यावर गुरुवारी ए लेव्हलचा निकाल लागतो, त्याच्या दोन-तीन दिवस आधी परत या. त्या सकाळी आम्ही सगळे शाळेत असतो, ट्युटर, सल्लागार, प्रमुख, टेबलावर फोन आणि लॅपटॉप मांडून. एखादी जागा हुकली तर पुढचे दोन तास फार मोलाचे असतात, आणि विद्यापीठ बोलतं फक्त अर्जदाराशी. तिने अर्जात तुमचं नाव अधिकृत प्रतिनिधी म्हणून दिलं असेल तर यूकॅस तुमच्याशी बोलेल, म्हणून तो रकाना भरायला सांगा. तरी फोन तिच्याच हातात हवा, आणि पुण्यात दुपारचा साडेबाराचा सुमार असताना चुलतभावाच्या घरच्या वायफायवरून तो लावायची वेळ येऊ नये.